चालवता येते, म्हणजे नेमकं काय येतं?

(घाटकोपर येथे तरुण कामगार आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘करिअर’वर बोलायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, मी काही करिअरचा माणूस नाही. मी फोर्कलिफ्ट चालवायला शिकवतो, आणि त्याआधी बरीच वर्षं ती चालवली. ते म्हणाले, मग त्याच्यावरच बोला, आमच्याकडे निम्मी मुलं गोडाऊनला जातात.

आधी एक विचारतो. फोर्कलिफ्ट कुणाकुणाला चालवता येते? हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांना कुणी बसवून, वेळ देऊन, परीक्षा घेऊन शिकवलं, त्यांनीच हात वर ठेवा. तीन. मागे कुणीतरी अर्धा हात वर केलाय, साडेतीन धरू.

बाकीच्यांनी कसं शिकलं ते मला माहीत आहे, कारण मीही तसंच शिकलो. मरोळच्या एमआयडीसीत मी हेल्पर होतो. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद चावी ठेवून जायचे, आम्ही गाडी दहा फूट पुढे, दहा फूट मागे करायचो. महिनाभराने एक दिवस ऑपरेटर आला नाही आणि सुपरवायझर म्हणाला, तुला येते ना? मी म्हटलं, येते. झालो ऑपरेटर. पगार वाढला नाही, ती गोष्ट वेगळी.

आपल्या भागातल्या मुलांना हे काम का मिळतं, तेही पाहा. बाहेरचा हा लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते. आपले वडील, काका तिथे होते. विक्रोळीत गोदरेजने फोर्कलिफ्टसुद्धा बनवल्या. आता बहुतेक ठिकाणी मॉल आणि टॉवर आहेत. पण हाच रस्ता पुढे ठाण्यातून, कशेळीच्या पुलावरून भिवंडीला जातो, आणि तिथे माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे इथे गोडाऊनच गोडाऊन आहेत. तुम्ही मोबाइलवर मागवता ते पार्सल तिथल्या रॅकवरून उतरतं. इकडे सहारच्या एअर कार्गोमध्येही तेच. कारखान्याची नोकरी गेली, मालाची चढउतार राहिली. आपली मुलं तिथे ठेकेदारामार्फत, तोंडी शब्दावर कामाला लागतात. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा कमी आणि स्वयंरोजगारात, असंघटित कामात जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं. गोडाऊनच्या दारात उभं राहिलं की ते वाचावं लागत नाही, दिसतं.

आता एक प्रसंग सांगतो. जागेचं आणि मुलाचं नाव सांगणार नाही.

विशीतला मुलगा. आमच्याच वस्तीतला. त्याच्या सख्ख्या चाचांनी त्याला गाडी शिकवली होती, आणि चाचा म्हणजे हात असा साफ की दोन पॅलेटमध्ये चार बोटं जागा असली तरी फोर्क घालतील. संध्याकाळची वेळ, ट्रक निघायची घाई. मुलाने माल वर उचललेला होता, मास्ट खाली न घेता तसंच वळण घेतलं. डॉकजवळ फरशीला थोडा उतार होता. गाडी कलंडायला लागली. त्याने काय केलं असेल? जे आपण रिक्षा उलटताना करू तेच. उडी मारली. ज्या बाजूला गाडी पडत होती त्याच बाजूला. डोक्यावरच्या लोखंडी पिंजऱ्याची कड त्याच्या पायावर आली. जीव वाचला. पाय गुडघ्याच्या वरून गेला.

दवाखान्याच्या जिन्यात चाचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, मी त्याला सगळं शिकवलं होतं. मी त्यांच्याशेजारी बसलो होतो आणि माझ्या मनात येत होतं, सगळं म्हणजे काय? लिव्हर शिकवले, हात शिकवला. पण गाडी पडताना काय करायचं? ते चाचांना कुणी शिकवलंच नव्हतं. मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. मी ऑपरेटर असताना माझी गाडी कलंडली असती तर मीही उडीच मारली असती.

म्हणून आज इथून दुसरं काही नेलं नाही तरी चालेल, हे घेऊन जा. बसून चालवायची गाडी कलंडली तर उडी मारायची नाही. सीटबेल्ट लावलेलाच असला पाहिजे. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, आणि गाडी ज्या बाजूला पडते त्याच्या उलट बाजूला अंग झुकवून आतच राहायचं. तो पिंजरा त्यासाठीच आहे. आत असाल तर तो तुमचा, बाहेर पडलात तर तो तुमच्यावर. आणि लगेच दुसरी गोष्ट. उभं राहून चालवायची रीच ट्रक असते, मागून उघडी, तिथे नियम वेगळा आहे. तिच्यातून मागच्या बाजूने उतरून दूर व्हायचं असतं. म्हणजे ‘एक गाडी आली की सगळ्या येतात’ हे आपलं वाक्य खोटं आहे.

गाडी पडते का, ते समजायला शाळेतला सी-सॉ पुरे. पुढची दोन चाकं हा मधला आस. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गाडीच्या पाठीतलं जड लोखंड, ज्याला आपण काउंटरवेट म्हणतो. दोन टन उचलणारी गाडी स्वतः साधारण साडेतीन टनांची असते, म्हणजे तीन-चार छोट्या मोटारी. त्यात तिला वळवणारी चाकं मागे. तुम्ही पुढे बघून वळता आणि तुमची शेपूट बाजूच्या माणसाला भिंतीशी दाबते. मोटार चालवणाऱ्यालाही हे नव्याने शिकावं लागतं.

आता पुढची दोन चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य, हे तीन बिंदू जोडा. एक त्रिकोण होतो. गाडी आणि माल मिळून जो भार आहे त्याचा मध्य या त्रिकोणाच्या वर असेपर्यंत गाडी उभी. माल वर उचलला की तो मध्य वर जातो, आणि वर गेलेला मध्य थोड्याशा वळणाने, थोड्याशा उताराने त्रिकोणाच्या बाहेर पडतो. म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरच वर. म्हणून माल घेऊन चढावर जाताना आणि उतारावर येतानाही मालाचं तोंड चढाकडे, म्हणजे उतरताना रिव्हर्स. माल इतका उंच असेल की पुढचं दिसत नाही, तरीही रिव्हर्स. चाचांच्या पुतण्याचा पाय या त्रिकोणात गेला, नशिबात नाही.

नशिबाचं बोललो म्हणून सांगतो. त्या अपघातानंतर वस्तीत जो भेटेल तो म्हणत होता, अल्लाहची मर्जी. मी आलिम नाही, पण आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर, ही हदीस मला मदरशात शिकवली होती, तुम्हालाही शिकवली असेल. त्या गाडीत सीटबेल्ट होता. बकल सीटखाली खोचून ठेवलेलं होतं, टोचतं म्हणून.

आता सगळ्यात अवघड धडा, जो कुठल्याच लिव्हरवर नाही. प्रत्येक फोर्कलिफ्टवर एक प्लेट असते. तिच्यावर ती किती उचलेल ते लिहिलेलं असतं. पण नुसतं ‘२००० किलो’ नसतं. ‘५०० मिलिमीटरवर २००० किलो’ असं असतं. म्हणजे फोर्कच्या पाठीपासून मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तर. समजा तुमच्यासमोर १६०० मिलिमीटर लांबीची पेटी आली. तिचा मध्य ८०० वर. पुढच्या चाकाच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंत साधारण ४०० धरा, आणि सी-सॉचा हिशेब करा. दोन टनांची गाडी दीड टनांची होते. जास्त उंचीवर न्यायचा असेल तर आणखी कमी. आणि सुपरवायझर म्हणतो, अरे दोन टनांची गाडी आहे, पावणेदोन टन तर माल आहे, उचल.

इथे ‘नाही’ म्हणावं लागतं. चालवता येणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, कधी चालवायची नाही हे कळणं आणि ते बोलता येणं. उस्तादाकडे आपण हो म्हणायला शिकतो. उस्तादाचं चुकतं असं मी म्हणत नाही, त्यांनी आपल्याला भाकरी दिली. पण त्यांनाही ‘हो’ म्हणूनच काम मिळालं होतं. प्लेट वाचता येणारा मुलगा ‘नको साहेब’ म्हणत नाही. तो म्हणतो, साहेब, मध्य ८०० वर आहे, ही गाडी इथे दीड टनच घेईल, मोठी गाडी मागवा किंवा माल दोनदा नेतो. पहिल्या वाक्याला शिवी मिळते. दुसऱ्यालाही कधी कधी मिळते, खोटं का बोलू, पण सुपरवायझर एकदा प्लेटकडे बघतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं वगळलेली आहेत. म्हणून गोडाऊनच्या आत आरटीओ तुम्हाला विचारायला येत नाही, आणि म्हणून मालकाला वाटतं की कुणीच विचारणार नाही. तसं नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात सुधारणा झाली आणि कामगाराला सुरक्षेची माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं ही मालकाची जबाबदारी झाली. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. तिची दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ६ : प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीचं पत्र. कलम १४ : गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असेल तर ते मालकाच्या आणि सोबतच निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क.

पत्रावर मी अडून बसतो त्याचं कारण आहे. त्या मुलाची भरपाई मागायला गेलो तेव्हा समोरून पहिलं वाक्य आलं, तो तर हेल्पर होता, त्याला गाडीवर बसायला कुणी सांगितलं? दोन वर्षं तो रोज गाडीवर बसत होता. कागद एकही नव्हता. नेमणुकीचा नाही, प्रशिक्षणाचा नाही, त्या दिवशी चावी कुणी दिली त्या रजिस्टरचा नाही. पत्रात ‘ऑपरेटर’ हा शब्द आहे का, बघा. नसेल तर चावी घेण्याआधी विचारा. निदान सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज गाडी चालवतोय’. एवढंही पुढे कामी येतं.

कागदाचं दुसरं टोकही सांगतो. दोन तासांत, फोटो आणि पैसे दिले की सर्टिफिकेट देणारे लोक आहेत. आखातात जायला निघालेली रत्नागिरी-रायगडकडची मुलं तेच घेऊन जातात. मला त्यांचा राग येत नाही, भीती वाटते. तिथे कागद आधी मागतात आणि चालवून नंतर बघतात. खरं प्रशिक्षण ओळखायचं कसं? अमेरिकेच्या नियमात तीन पायऱ्या आहेत, त्या मला पटतात : वर्गात समजावणं, गाडीवर करून घेणं, आणि तुमच्या स्वतःच्या कामाच्या जागी चालवून परीक्षा. दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी, आणि अपघात झाला किंवा थोडक्यात टळला तर त्याआधीच. तुमच्या जागी म्हणजे तुमच्या उतारावर, तुमच्या अरुंद गल्लीत. जो प्रशिक्षक तुमचं गोडाऊन बघायलाच तयार नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका. आणि इथून जवळ, सायनला, केंद्रीय श्रम संस्था आहे. औद्योगिक सुरक्षेचं काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे बॅनर सगळ्या कंपन्या लावतात, त्या दिवशी मालकाचा मूड बरा असतो, प्रशिक्षणाची मागणी तेव्हा टाका.

एक गोष्ट आपल्या घरातली. रमजान. सहरीला उठलेला, झोप अर्धी, पत्र्याचं छप्पर, आणि इफ्तारच्या आधीचा तास. त्या तासात मी स्वतः एकदा रॅकच्या पायाला गाडी लावली आहे. रॅक उभा राहिला म्हणून आज इथे उभा आहे. रोजा ठेवा, पण सुपरवायझरला आधी सांगा, सकाळची पाळी मागा, शेवटचा तास गाडीवर नको म्हणा. यात कमीपणा नाही. आणि जुम्याला नमाजसाठी धावताना गाडीच्या गल्लीतून आडवे जाऊ नका. ऑपरेटर तुमचाच भाऊ असतो, आणि त्यालाही घाई असते.

मागे बसलेल्या मुलींपैकी एकीने मघाशी चिठ्ठी पाठवली, मुलींना हे जमतं का? यात ताकद लागत नाही, लिव्हरला दोन बोटं पुरतात. मी शिकवलेल्यांमध्ये मुली आहेत आणि बेल्ट लावायला त्यांना दोनदा सांगावं लागत नाही.

आता वहीचं पान काढा. मी वेगवेगळ्या गाड्यांच्या प्लेटचे फोटो आणलेत, दोघांत एक घ्या. प्रत्येकाच्या मागे एक माल लिहिलाय, वजन, लांबी आणि किती उंच न्यायचा ते. उचलायचा की नाही ते ठरवा, आणि नाही म्हणायचं असेल तर सुपरवायझरला कुठल्या शब्दांत सांगाल ते खाली लिहा. दहा मिनिटं आहेत. सुपरवायझर मी होतो.