एक दिवस समुद्राकडे पाठ करून

आजचा एपिसोड छोटासाच आहे.

गणपतीपुळ्याला गेलो की आपण काय करतो? बीच, मासे, सेल्फी, झोप. या मे महिन्यात आम्ही एक दिवस समुद्राकडे पाठ केली आणि बाइक काढून देऊडच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. काळा कातळ लाखो वर्षं ऊन-पावसात झिजला की त्याचा जांभा होतो. लोहामुळे तो लाल दिसतो. झाड नाही, सावली नाही. मी वैतागून म्हटलं, "इथे काहीच नाहीये यार!"

सोबतचे गावातले काका म्हणाले, "पाय मागे घे, बाळा. गेंड्यावर पडतोय."

खाली बघितलं तर कातळात कोरलेला गेंडा! आज कोकणात गेंडा कुठेय? पण ज्याने कोरला, त्याला तो माहीत होता. तिकडे उक्षीला तर अख्खा हत्ती आहे. 2022 मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

परतताना एक चिरेखाण दिसली. याच जांभ्याचे चिरे काढून आपली घरं आणि रिसॉर्टं उभी राहतात. 'इथे काहीच नाही' म्हणत सडा खणला, की त्यावरचं चित्रही गेलं. आणि सकाळी तेच वाक्य मी बोललो होतो.

तुम्ही जाल तेव्हा सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात रेघा छान दिसतात. पाणी न्या, गावातलं कुणीतरी सोबत घ्या. फोटोसाठी रेघांत खडू भरू नका. आणि हो, पाय जपून टाका!