ग्लेडा नावाची शेळी

दुसऱ्याचे सोंग घेऊन त्याच्या सुखदुःखांत घटकाभर शिरावे, ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. जुन्नर-आंबेगावच्या मुलखाला तरी ती समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला तेथे येतात. वगातला राजा पहाटे रंग पुसून चहा पिताना दिसला, म्हणून या भागातल्या माणसाचा कधी विरस झालेला नाही. नवल असलेच तर ते एवढेच, की आता सोंग घेण्यासाठी तोंडाला रंग लावावा लागत नाही आणि घरचा उंबराही ओलांडावा लागत नाही.

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. मेजाभोवती चारपाच जणांनी बसावे, कोणी योद्धा व्हावे, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकाने सूत्रधार होऊन संकटे उभी करावीत आणि फाशांच्या दानावर त्यांचा निकाल लावावा, असा त्याचा थाट. पुढे सूत्रधाराची गादी संगणकाने बळकावली. मेरीलँड प्रांतातील बेथेस्डा या संस्थेने ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केलेला ‘स्कायरिम’ हा खेळ त्याच वंशातला. ज्या मालेतील तो पाचवा खेळ, तिचा आरंभ १९९४ साली झाला होता. हिमाच्छादित डोंगर, आगीचे फूत्कार टाकणारे उडते सर्प आणि त्यांच्या निर्दालनासाठी जन्मास आलेला महापुरुष, असा या खेळाचा भव्य पसारा आहे. मात्र त्या महापुरुषाला प्रत्यक्षात जी कामे पडतात ती बहुधा घरगड्याची असतात: अमक्याची तलवार शोधून आण, तमकीला चिठ्ठी पोचव. त्यांतल्याच एका मोहिमेत हा जगाचा तारणहार एका शेळीपायी दारोदार फिरतो.

ही मोहीम निरगुडसरातील एका घरी खेळली गेली, अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. घर कल्पनेतले आहे. मोहीम मात्र जशी खेळात आहे तशीच येथे सांगितली आहे. घरात एक आजोबा आहेत, त्यांना सगळे ‘आबा’ म्हणतात. आणि जवळच अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा त्यांचा एक नातू आहे. दिवाळीची सुट्टी आहे. नातवाने ओसरीवर संगणक मांडला आहे, आणि आबा मागे खाटेवर बसून जे दिसेल त्यावर अभिप्राय देत आहेत.

मोहिमेचा आरंभ एका पथिकाश्रमात होतो. काळी कफनी घातलेला सॅम नावाचा एक हसतमुख गृहस्थ नायकाला मद्यपानाची पैज घालतो. जिंकशील तर एक जादूची काठी तुझी, असे त्याचे वचन. नातवाने होकार दिला.

“फुकट पाजतोय त्यो?” आबांनी विचारले.

“हो, आबा. पैज आहे.”

“मग त्याला काय तरी पायजे आसनार. आरं, विलेक्शनात न्हाय का बघत आपन?”

दोन पेले झाले. सॅम म्हणाला, माझे आता पुरे. आणखी एक रिचवलास तर काठी तुझी. तिसरा पेला पोटात गेला आणि पडदा काळाकुट्ट झाला. वीज गेली असे समजून आबा कंदिलाकडे निघाले होते. तेवढ्यात उजेड झाला, आणि नायक राज्याच्या पार पश्चिमेकडील मार्कार्थ नगरातल्या एका देवालयाच्या फरशीवर पडलेला दिसला. सेन्ना नावाची पुजारीण समोर उभी राहून त्याची खरडपट्टी काढीत होती. काल रात्री तू लग्नाविषयी आणि शेळीविषयी काहीबाही बरळत आलास आणि देवळात सगळीकडे घाण केलीस. आता ती उचल, असा तिचा हुकूम. घरी जेवलेले ताट कधी न उचलणारा हा तरुण देवीच्या फरशीवरून रिकाम्या बाटल्या वेचू लागला. त्या कचऱ्यात एका राक्षसाच्या पायाचे बोटही निघाले. आबा इतके प्रसन्न झाले की त्यांनी सूनबाईला हे दृश्य पाहण्यासाठी स्वयंपाकघरातून हाक मारली.

पुजारिणीकडून रोरिकस्टेड या गावाचे नाव कळले. रोरिकस्टेड ही शेतकऱ्यांची वस्ती असून तेथील जमीन सुपीक म्हणून नावाजलेली आहे. या खेळातल्या शेतांत कोबी आणि बटाटे लागलेले दिसतात. सातगाव पठारावर बटाट्याची लावण पाहिलेल्या आबांनी दोन वाफ्यांमधले अंतर पाहून नापसंती व्यक्त केली. तोच एनिस नावाचा शेतकरी तावातावाने पुढे आला. नायकाने आदल्या रात्री त्याची ग्लेडा पळवून एका राक्षसाला विकली होती. ग्लेडा ही त्याची शेळी.

येथे खेळ खेळणाराला चार वाटा देतो. गोड बोलून एनिसची समजूत घालावी, पैसे मोजून मिटवावे, दटावून गप्प करावे, अथवा राक्षसाकडे जाऊन शेळी परत आणावी. नातवाच्या नायकाची वाणी चांगलीच तरबेज झालेली होती. त्याने पहिल्या वाटेवर बोट ठेवले.

“थांब,” आबा म्हणाले. “काय करतोस?”

“समजूत घालतोय त्याची. म्हणजे शेळी आणायला नको.”

“आन् शेळी?”

नातू काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याला कारण होते, आणि ते आबांनाही ठाऊक होते. डिंभे धरणाचे पाणी आले तसा या भागात ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही वाढला. कागदोपत्री त्याला बिबट्या म्हणतात. गावात तो वाघच आहे. त्या वर्षीच्या श्रावणात शेजारच्या आजी दोन दिवस लेकीकडे गेल्या होत्या आणि जाताना आपली शेळी यांच्या गोठ्यात बांधून गेल्या होत्या. संध्याकाळी कडी लावण्याचे काम नातवाकडे होते. तो हातातल्या मोबाइलमध्ये गुंतला होता. सकाळी दावे तुटलेले होते आणि उसाच्या दिशेने ओढल्याची खूण होती. वनखात्याची माणसे आली, पंचनामा झाला, यथावकाश आजींना नुकसानभरपाईही मिळाली. पंचनाम्यात कडीचा उल्लेख नव्हता, कारण कडीविषयी कोणी विचारले नाही. आजींनीही विचारले नाही. आणि त्यांना पैसे मिळाले, म्हणजे समजूत पटलीच, असे धरून घर पुढे चालले होते.

नातवाने बोट मागे घेतले आणि तो राक्षसाच्या वाटेला लागला.

स्कायरिमचे राक्षस हे एक प्रकारचे धनगरच आहेत. प्रचंड केसाळ हत्ती ते राखतात आणि त्यांच्या दुधाचे चीज करतात. त्यामुळे आबांचे मत त्यांच्याविषयी प्रथमदर्शनी बरे झाले. “जनावरं राखतोय म्हंजी मानूस वाईट नसनार. शेळी त्यानं इकत घेतलीया, चोरलेली न्हाय. तुज्याच मानसानं इकली. भांडान कशापायी करतोस?” हा मुद्दा बिनतोड होता, परंतु राक्षसाशी सौदा मोडण्याची सोय खेळ करणारांनी ठेवलेली नाही. नातू शेळीजवळ गेला, राक्षसाने सोटा उगारला, आणि ज्यासाठी हे राक्षस खेळणारांच्या जगात प्रख्यात आहेत तो प्रकार घडला. सोट्याचा एक तडाखा बसताच जगाचा तारणहार सरळ आकाशात उडाला, ढगांच्या आसपास एक ठिपका झाला, आणि बऱ्याच वेळाने हातपाय सैल सोडून खाली पडला.

आबांच्या हातून पानाचा डबा निसटला. “मेला का रं?”

“मेला, आबा. पण काळजी नको. मागचं जपून ठेवलेलं असतं. तिथून पुन्हा उठायचं.”

नायक खरोखरच राक्षसाच्या माळाबाहेर धडधाकट उभा होता. आबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

“त्या राती,” ते म्हणाले, “जपून ठिवलं हुतंस का काय?”

हे त्यांनी रागाने विचारले नाही. यंत्राची एखादी सोय माहीत करून घ्यावी, तशा स्वरात विचारले. नातवाने मान हलविली. त्यानंतर तो आणखी तीन वेळा आकाशात गेला. चौथ्या खेपेस दुरून बाणांचा मारा करीत, खडकाआड लपत त्याने राक्षसाला लोळविले. ग्लेडा मागे मागे चालू लागली. वाटेत लांडगे येतील, ते शेळीवर जातील, या धास्तीने नातू दर दहा पावलांवर वळून पाहत होता. निरगुडसरच्या कोणत्याही शेळीच्या वाट्याला त्याच्याकडून इतकी राखण कधी आली नव्हती. एनिसला शेळी मिळाली, तो शांत झाला, आणि त्याने नवीन धागा हातात दिला: व्हाइटरनच्या इसोल्डाचे देणे फेडायचे आहे, असे म्हणे नायकाने चिठ्ठीत लिहून ठेवले होते.

येथून पुढे पात्रांची नावे आबांच्या हाती गेली. इसोल्डा ही यशोदा झाली, सॅम हा श्यामराव. या यशोदेकडून नायकाने त्या रात्री लग्नाची अंगठी उधारीवर उचलली होती. आता अंगठी तरी परत दे, नाहीतर पैसे दे, असे तिचे म्हणणे. अंगठी वधूच्या बोटात होती. वधू रानात राहत होती. चांदण्यात झालेल्या पहिल्या भेटीचे रसभरित वर्णन नायकाने स्वतःच यशोदेला ऐकविले होते. त्यावरून आबांनी वधूविषयी काही अपेक्षा बाळगल्या. पण झोपडीपुढे निघाली ती अर्धी बाई आणि अर्धी पक्षीण अशी, नखाळ हातांची एक चेटकीण. लग्न मोडायला आलास, तर दुसरी कोणी काळ्या पिसांची भेटली असेल, असा मत्सराने तिने कांगावा केला आणि अंगावर धावून आली. अंगठी सुटली, पण आबांनी एवढे म्हटलेच, की मुलगी पाहायला वडील माणसे का नेतात, ते आता तरी कळावे.

गंमत बाजूला ठेवली तर या मोहिमेची रचना विचार करण्याजोगी आहे. येथे आरोपी आणि तपास करणारा एकच आहे. काळ्या पडद्याआड जे घडले ते खेळणाराने केलेले नाही, पाहिलेलेही नाही. तरीही शेवटापासून आरंभाकडे एकेक दार ठोठावून ते त्याला फेडावे लागते. पुणे जिल्ह्याला अशी उलटी चौकशी अपरिचित नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि तो वणवा गावोगाव पसरला. त्यानंतर १८७९ साली जो दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या अक्षरांपाशी न थांबता कर्जाच्या मुळापर्यंत मागे जाण्याची मुभा दिली. कागद काय म्हणतो हे एक. आणि मुळात काय घडले हे दुसरे. पंचनामा आणि गोठ्याची कडी यांच्यामध्येही तेवढेच अंतर असते.

मोहिमेचा शेवट मॉरवुन्स्कर नावाच्या किल्ल्यात होतो. तिथल्या मांत्रिकांशी झुंजून नायक एका तेजाच्या दारातून पलीकडे जातो, तो धुक्याने भरलेल्या राईत मेजवानी चाललेली, आणि यजमानाच्या जागी श्यामराव. तो मनुष्य नसून विलासाचा अधिपती असलेला सँग्विन नावाचा दैवी पुरुष होता. काठी दुरुस्त करण्यासाठी म्हणून गोळा केलेले राक्षसाचे बोट वगैरे कशाचीच गरज नव्हती. नायकाने जगभर हिंडून मौज उडवावी, एवढाच हेतू. काठी मात्र त्याने दिली. ती उगारली की घटकाभर एक असुर मदतीला येतो.

नातवाला वाटले, आबा आता थक्क होतील. परंतु देवाने वेष पालटून यावे, यात खंडोबाच्या भक्ताला नवल कसले? “आमचा देव बी बानूपायी सोंग घिऊन ग्येला हुता,” ते म्हणाले. “पर त्यानं तिच्या बाच्या घरी मेंढरं राखली. मेलेली मेंढरं उठवून बी दिली. ह्यो तुजा श्यामराव दुसऱ्याची शेळी इकायला लावतो, आन् वर हसतो.” असे म्हणून त्यांनी अंगावर घोंगडी ओढली.

येत्या शनिवारी चाकणच्या बाजाराला येता का, असे नातवाने त्याच रात्री विचारले. संगणकाच्या एका नव्या भागासाठी त्याने पैसे साठविले होते. बाजारात आबांनी सात शेळ्यांचे दात पाहिले, सहा नाकारल्या, आणि भावात व्यापाऱ्याला इतके खाली ओढले की स्कायरिममधील कोणत्याही वाक्पटू नायकाने मान लववावी.

आजी अंगणात वाल सोलीत बसल्या होत्या. नातवाने शेळी खुंटाला बांधली आणि मान खाली घालून कडीची हकिकत सांगितली. पाठ केलेले वाक्य अर्ध्यावर अडखळले. परंतु तेथे मागचे जपून ठेवलेले काही नव्हते, म्हणून ते तसेच पुढे रेटावे लागले.

“ठावं हाय मला,” आजी म्हणाल्या. “वाघ काय कडी काढतो व्हय?”

मग त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरविला आणि हिचे नाव काय, म्हणून विचारले. ‘ग्लेडा’, असे उत्तर नातवाच्या तोंडून निसटून गेले. आजींच्या जिभेला ते पेलेना. दोनचारदा प्रयत्न करून त्यांनी ते आपल्या सोयीचे करून घेतले, आणि तिन्हीसांजेला त्या घराच्या अंगणातून “गेलेली, ये गं गेलेली” अशी हाक ऐकू येऊ लागली. गेलेली हाकेसरशी येते. कडी नातू लावतो, आणि लावल्यावर एकदा ओढून पाहतो.