गोऱ्ह्यांचे फुले



घराण्याचा इतिहास म्हटला की राजेरजवाड्यांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांपुढे येतात. ज्यांच्या पेटीत सनदा, त्यांचेच घराणे. बाकीच्यांची नुसती पोरेबाळे, असा आपला समज करून देण्यात आला आहे. म्हणून आज मी आपणांस भाजी व फुले विकणाऱ्या एका माणसाच्या घराण्याची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव गोविंदराव. त्यांचे पुत्र जोतीराव आपणां सर्वांस वंद्य आहेत. बापाची आठवण मात्र क्वचितच निघते.

ही मंडळी मूळची सातारा जिल्ह्यातील कटगुणची. आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा गावचे चौगुले होते. कुलकर्ण्याशी वैर पडले आणि त्यांना गाव सोडावे लागले. पुरंदर तालुक्यातील खानवडीस त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे दैन्य आले, तेव्हा मुलगा शेटिबा पुण्यास आला. शेटिबाच्या राणोजी, कृष्णा व गोविंद ह्या तीन मुलांनी एका फुलवाल्याच्या पदरी राहून धंदा हस्तगत केला. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यास ते फुले पुरवू लागले, ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. आडनाव कोणी कपाळी लिहून पाठवीत नाही, हे ध्यानात ठेवा. हातांच्या कष्टाने जुने नाव गळाले व नवे चिकटले.

इनामाने घरात फूटही आणली. थोरल्या राणोजीने ती जमीन आपल्याकडेच ठेवली. गोविंदरावांच्या वाट्यास आले ते दुकान. धनकवडीच्या झगडे पाटलांची कन्या चिमणाबाई ही त्यांची पत्नी. राजाराम व जोतीराव (जन्म १८२७) हे दोन पुत्र. जोतीराव तान्हे असतानाच चिमणाबाई वारल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर ह्या नात्यातील विधवेने त्या पोरक्या मुलास वाढविले.

गोविंदराव दुष्ट नव्हते. दुकानातील कारकुनाने कान भरले म्हणून त्यांनी मुलाची शाळा सोडविली. गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब ह्या शेजाऱ्यांनी समजाविल्यावर १८४१ साली पुन्हा घातली. परंतु मुलगा व सून शूद्रातिशूद्रांना शिकवितात, म्हणून भोवतालच्यांनी धाक घातला, तेव्हा १८४९ साली त्यांनी दोघांनाही घराबाहेर काढले. ज्यांच्या घरी आज जुने सोयरे पंगतीस येत नाहीत, त्यांना त्या बापाची भीती कळेल. त्या दोघांना आसरा दिला तो उस्मान शेख ह्यांनी.

सावित्रीबाईंच्या माहेरचा एक प्रसंग मात्र सावकाश ऐका. १८५६ साली त्या आजारातून उठण्यासाठी नायगावी होत्या. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्ही दोघे वाळीत पडलात, जातीच्या रूढीने वागा, असे त्यांच्या भावाने बजावले. सावित्रीबाईंनी त्यास विचारले : तू शेळी-गाईला कुरवाळतोस, नागपंचमीस विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारखीच माणसे असलेले महार-मांग तुला विटाळ कसे वाटतात? भावाला आपली चूक उमगली, असे त्यांनी जोतीरावांना पत्राने कळविले. सोयऱ्याशी भांडण जिंकूनही सोयरा राखता येतो, ते असे.

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला व त्यास यशवंत हे नाव ठेवले. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्यास वारस नेमले. गोविंदरावांचा दुसरा वंश राजारामाचा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले, तेव्हा टिटवे धरण्याचा हक्क रक्ताच्या नात्याचा, दत्तकाचा नव्हे, म्हणून पुतण्या आडवा आला. टिटवे धरणाऱ्याकडे वारसा जातो, हे त्याला पक्के ठाऊक होते. अंत्ययात्रा खोळंबली. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या, टिटवे त्यांनी आपल्या हाती घेतले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालू लागल्या.