शाळेचा तास कोणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी तीस वर्षे महाविद्यालयात काढली. शिक्षणावरील खर्च ही गुंतवणूक कशी ठरते, हे अनेक पिढ्यांना शिकविले. परंतु ती गुंतवणूक जेथे सुरू होते, त्या दुसरीच्या वर्गात सलग आठवडाभर बसण्याची बुद्धी मला निवृत्तीनंतर झाली. त्या आठवड्याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडणार आहे. ही एका शाळेची नोंद आहे. तीवरून साऱ्या राज्याविषयी निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही.

बालाघाटच्या डोंगरातील एका वस्तीवरची ही जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पट सतरा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. दुसरीत मुले सहा.

सोमवारी बाईंनी फळ्यावर ४२ वजा १७ हे उदाहरण घातले. सहापैकी पाच पाट्यांवर उत्तर आले ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सरळ सातातून दोन वजा केले होते. मोठ्यातून लहान काढायचे, एवढाच नियम त्यांना ठाऊक होता. बाई रागावल्या नाहीत. मंगळवारी त्यांनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून आणले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘यातल्या सतरा मला द्या.’’ मुले अडली. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एका मुलाने भीत भीत एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. तो क्षण मी पाहिला.

बुधवारी तास निम्म्यावर आला असताना दूरध्वनी वाजला. कोणती तरी माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरून हवी होती. वस्तीवर नेटवर्क नसल्याने बाई टेकाडावर गेल्या. गुरुवारी गुरुजींना तालुक्याला बैठक. चारही इयत्ता आणि खिचडीची नोंदवही एकट्या बाईंकडे. शुक्रवारी पाहतो तो मुले पुन्हा ३५ वर आलेली. बाईंनी गठ्ठे पुन्हा काढले. शनिवारी एक मुलगी शेजारच्या मुलाला समजावीत होती, ‘‘आरं, आधी गठ्ठा सोड, मग दे.’’ तिच्या पाटीवर २५ होते.

आता हिशेब पाहू. गणिताच्या सहा तासांपैकी पुरे झाले चार. त्यांतला एक गमावलेले परत मिळविण्यात खर्ची पडला. बाईंनी कामचुकारपणा केला नाही, मुलेही मंद नव्हती. मोडला तो सलगपणा; आणि लहान मुलाची समज सलगपणावरच वाढते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, असे तो सांगतो. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असेही त्याचे २७ वे कलम सांगते. बुधवारचा तास या तिहींपैकी कशात गेला? कारखान्यातील यंत्र तासभर बंद पडले तर व्यवस्थापन नुकसानीचा आकडा काढते. या तासाचे नुकसान मात्र कोणत्याही ताळेबंदात चढत नाही.

उलट, आकडा काढला जातो तो दर मुलामागील खर्चाचा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने मांडला. या वस्तीवरील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुले आजीजवळ राहतात, कारण शाळा हाकेच्या अंतरावर आहे. शाळा दूर गेली तर आजी त्यांना कशी पोहोचविणार? मुले आईबापांबरोबर फडात जातील. खर्च वाचणार नाही. तो सरकारच्या वहीतून त्या मुलीच्या आयुष्यात वर्ग होईल.

मित्रहो, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी विचारले होते की, रयतेच्या कष्टातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्चावा? तो प्रश्न मलाही लागू आहे. माझे वेतन त्याच रयतेने दिले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस २०२० च्या धोरणानेही उच्चारली. पण ते उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही. ती मागणी आपण सोडता कामा नये. परंतु केवळ टक्केवारीचे ठराव करून बुधवारचा तास परत येणार नाही.

म्हणून एक लहान काम सुचवितो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. आपल्या गावातील या समितीला एक वही ठेवायला सांगा. प्रत्येक दिवशी किती तास शिकविणे झाले, किती मोडले आणि कोणाच्या आदेशाने मोडले, एवढेच तीत लिहावे. ही वही शिक्षकावर पहारा ठेवण्यासाठी नव्हे. त्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी आहे. महिन्याअखेर ती ग्रामसभेत वाचावी आणि पंचायत समितीपुढे ठेवावी.

तो तास बाईंचा नाही, शासनाचा तर नाहीच. तो गठ्ठा सोडायला शिकणाऱ्या त्या मुलीचा आहे.