संगणकाच्या आज्ञांची परीक्षा
(शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी मुलींची एकत्र यादी हवी होती. वर्गशिक्षकांनी आपापल्या तुकडीची फाइल दिली आणि त्या फाइली जोडणारी छोटी आज्ञावली मी घरच्या विंडोज संगणकावर लिहिली. घरी यादी बिनचूक निघाली. शाळेतल्या संगणकांवर लिनक्स आहे. तेथेही यादी निघाली, परंतु तीत सातवी ‘ब’ची एकही मुलगी नव्हती! मला ते दिसलेसुद्धा नाही. मुदतीच्या आदल्या सायंकाळी कार्यालयातल्या बाईंनी हजेरीपटाशी नावे ताडून पाहिली, म्हणून त्या मुलींचे अर्ज वेळेवर गेले.

झाले होते एवढेच की, फाइलच्या नावात इंग्रजी मोठा ‘बी’ होता आणि मी लहान ‘बी’ लिहिला होता. विंडोजला ही दोन्ही नावे एकच वाटतात, मॅकलाही सामान्यतः तसेच वाटते. लिनक्सला मात्र ती दोन निराळी नावे आहेत.

ही आज्ञावली ज्यात लिहिली ते पॉवरशेल म्हणजे संगणकाला चित्रांवर बोट न ठेवता शब्द लिहून हुकूम देण्याचे साधन. मायक्रोसॉफ्टमधील जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ साली ‘मोनाड’ या नावाने त्याची कल्पना मांडली व २००६ साली पहिली आवृत्ती आली. पुढे दहा वर्षे ते विंडोजपुरतेच होते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली झाली आणि ते लिनक्स व मॅकवरही चालू लागले. खरी पंचाईत येथूनच सुरू होते. हुकूम तोच, पण जमीन निराळी. ‘एलएस’ ही दोन अक्षरे विंडोजवर लिहिली तर पॉवरशेलची स्वतःची आज्ञा चालते. लिनक्सवर त्या यंत्राचा स्वतःचा जुना ‘एलएस’ चालतो. गंमत अशी की, पॉवरशेलच्या आज्ञा लहान-मोठ्या कोणत्याही अक्षरांत लिहा, सर्वत्र चालतात. त्यामुळे मनुष्य गाफील राहतो आणि फाइलच्या नावावर ठेचाळतो.

मग हे चालवणारे लोक करतात काय? ते मूळ आज्ञावलीशेजारीच चाचण्या ठेवतात. आतल्या यंत्रणेच्या चाचण्या सी-शार्प भाषेत, ‘एक्सयुनिट’ या साधनाने. आज्ञांच्या चाचण्या ‘पेस्टर’ या साधनाने, आणि त्या पॉवरशेलमध्येच लिहिलेल्या. पेस्टरची मांडणी आपल्या प्रश्नपत्रिकेसारखी आहे. ‘डिस्क्राइब’ म्हणजे विभाग, ‘इट’ म्हणजे एकेक प्रश्न आणि ‘शुड’ म्हणजे आदर्श उत्तर. ‘दोन तुकड्या जोडल्यावर यादीत पाच नावे असावीत’, असे आधी लिहून ठेवायचे, मग यंत्राने स्वतःच ताडून पाहायचे. तपासण्यापुरत्या फाइली ‘टेस्टड्राइव्ह’ नावाच्या तात्पुरत्या जागेत करायच्या; विभाग संपला की ती जागा आपोआप साफ होते. खऱ्या याद्यांना हात लागत नाही.

मीही अशी चाचणी लिहिली. दोन्ही संगणकांवर हिरवी अक्षरे आली आणि मी खूश झालो. नंतर लक्षात आले, चाचणीतल्या फाइलीला मी स्वतःच लहान ‘बी’ दिला होता! आपणच पेपर काढायचा आणि चुकणारा प्रश्न गाळायचा, त्यातला हा प्रकार. याहून फसवी गोष्ट म्हणजे ज्या प्रश्नात ‘शुड’ लिहिलेलेच नाही, तो प्रश्नही आतल्या आज्ञा विनातक्रार चालल्या तर उत्तीर्ण ठरतो. म्हणून आता मी चाचणी लिहिली की मूळ आज्ञावली मुद्दाम बिघडवतो. लाल अक्षरे आली तरच त्या चाचणीवर विश्वास ठेवतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. फाइल सापडत नाही असे पॉवरशेलने लाल अक्षरांत सांगितले होते, परंतु अशा चुकीला ते थांबत नाही. तक्रार करून पुढच्या ओळीकडे जाते. पडद्यावरच्या गर्दीत ती ओळ वर सरकून गेली. ‘एररॲक्शन’ला ‘स्टॉप’ सांगितले की ते थांबते. फाइल नसेल तर काम थांबलेच पाहिजे, ही माझी दुसरी चाचणी. पहिलीपेक्षा हीच अधिक मोलाची, असे माझे मत.

पॉवरशेलच्या मूळ प्रकल्पात प्रत्येक चाचणीला खूण लावतात. झटपट होणाऱ्यांना ‘सीआय’. प्रत्येक नव्या बदलाबरोबर त्या चालतात. ‘फीचर’ आणि ‘सिनॅरिओ’ या रोजच्या मोठ्या फेरीत. ‘स्टार्ट-पीएसबिल्ड’ने शेल बांधायचे व ‘स्टार्ट-पीएसपेस्टर’ने तपासायचे. जी गोष्ट केवळ विंडोजवरच आहे, तिची चाचणी लिनक्सवर ‘स्किप’ करतात, म्हणजे वगळतात. शेवटच्या गोषवाऱ्यात उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि वगळलेल्या असे वेगवेगळे आकडे येतात. विद्यार्थी मित्रहो, तिसरा आकडा जरूर पाहा. गैरहजर मुलाला आपण पास धरीत नाही.

येत्या शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपल्या वर्गाची खरी यादी आणू नये, पाच खोटी नावे आणावीत. आणि एका तरी फाइलीचे नाव मोठ्या अक्षरांत ठेवावे.