मेजर रामा राघोबा राणे : वाट मोकळी करणारा शिपाईगडी

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या कार्यात संतांची चरित्रे सांगावीत, असा जुना शिरस्ता आहे. आज मात्र चरित्र सांगायचे आहे ते एका फौजी माणसाचे. त्याचे कारण तेरखेड्यात फार फोड करून सांगावे लागणार नाही. या गावाचे नाव चहूकडे झाले ते फटाक्यांच्या धंद्यामुळे. ज्यांचे हात रोज दारूत असतात त्यांना पक्के ठाऊक असते, की दारूपुढे अंगातला जोर चालत नाही. तिथे चालतो तो थंड डोक्याचा आणि न कापणारा हात. एक ठिणगी काय करते ते या गावाने पाहिले आहे, सोसलेही आहे. म्हणून मेजर राणे यांच्या पराक्रमाचे मोल इथल्या माणसाला जसे कळेल, तसे दुसरीकडे क्वचितच कळेल.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळचे चेंडिया. वडील पोलीस खात्यात. बदलीची नोकरी, त्यामुळे आज या गावची शाळा, उद्या त्या गावची, असे शिक्षण झाले. पुढे १९३० च्या चळवळीचे वारे पोराच्या कानांत शिरले. पोलिसाचा मुलगा चळवळीकडे ओढला जातो म्हटल्यावर बापाचा जीव खालीवर होणारच. त्यांनी बिऱ्हाड पुन्हा गावी हलवले. हाच मुलगा १० जुलै १९४० रोजी फौजेत भरती झाला, तोही बॉम्बे इंजिनिअर्समध्ये. या पलटणीचे ठाणे पुण्याजवळ खडकीला. बंदूक चालवणे हे तर तिचे काम आहेच, पण त्याहून मोठे काम म्हणजे रस्ते करणे, पूल बांधणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले काढणे. गवंडी, सुतार, लोहार या सगळ्यांची विद्या अंगावर गणवेश घालून करायची. शिक्षण संपले तेव्हा सर्वांत उत्तम रंगरूट म्हणून राणे यांना कमांडंटची छडी बक्षीस मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आराकानात होते. तिथे फौज मागे हटत असताना राणे आणि दोन तुकड्या यांना मागे ठेवण्यात आले. बुथिडाँग येथील महत्त्वाच्या गोष्टी उडवून द्यायच्या आणि मग आरमाराच्या बोटीने निघायचे, असा बेत होता. काम झाले, पण बोटीची सोय काही झाली नाही. चहूकडे जपानी पहारे. तरी नदी ओलांडून, पहारे चुकवून ही मंडळी आपल्या फौजेला येऊन मिळाली. शिपाई म्हणून लागलेला माणूस पायरी पायरीने चढत गेला आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाला. त्या वेळी वय एकोणतीस. या वयाला पुष्कळ अधिकारी कप्तान झालेले असतात. पण खालून वर आलेल्याला काम हाताने ठाऊक असते, ही गोष्ट वेगळी.

आता १९४८ साल. तेरखेड्याच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून या सालाच्या गोष्टी घरोघर उतरल्या असतील. उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रझाकारांची धास्ती, घरेदारे टाकून बार्शी-सोलापूरकडच्या सरहद्दीला गेलेली माणसे, आणि सप्टेंबरात आलेली पोलीस ॲक्शन. त्याच सालच्या एप्रिलात, तिकडे काश्मीरच्या अंगाला, राजौरी गावाची तीच गत, किंबहुना फार वाईट गत झाली होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, ते गाव हल्लेखोरांच्या हाती पडले आणि हजारो माणसे मारली गेली. उरलेल्यांना सोडवायचे तर नौशेऱ्याहून फौज जायला हवी. रस्ता एकच, तोही डोंगराच्या कुशीतून नागमोडी गेलेला. शत्रूने त्यावर जागोजाग भूसुरुंग पेरले होते, चिडाची मोठाली झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडवल्या होते तिथे भराव खचवले होते. रणगाडे तयार होते, पण वाटच नव्हती.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास, सव्वीसाव्या मैलापाशी, राणे यांची टोळी रणगाड्यांजवळ कामाला लागण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा आला. टोळीतले दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. मलमपट्टीसाठी ते मागे गेले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम सुरू केले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी आपल्या फौजेने घेतली, तरी शत्रू पुरता हटला नव्हता. राणे रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी बगलरस्ता खणत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा तेच. दुपारी तीनला बगलरस्ता तयार झाला, रणगाडे निघाले. अर्ध्या मैलावर झाडे आडवी. उतरून ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे. पुढे उडवलेली मोरी. अंधार पडता पडता पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग, आणि वरून मशीनगन. राणे तिथेही सुरुंग काढायला बसले होते. पण स्वारीच्या प्रमुखाने रात्रीपुरता मुक्काम टाकला. ते दिवस चैत्री पाडव्याच्या आसपासचे, म्हणजे अवसेची काळोखी रात्र. दहा तारखेला पहाटे पावणेपाचला, नीट उजाडायच्या आत, हा गडी पुन्हा त्याच झाडांपाशी. साडेसहाला वाट झाली. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच. साडेदहापर्यंत तीही निपटली.

या दिवसांतली एक गोष्ट फौजेत आवर्जून सांगतात. गोळ्यांचा पाऊस असताना सुरुंग काढायचे कसे? राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. चालकाशी बोलायला दोर ठेवला. दोर ओढायचा तसा रणगाडा थांबायचा किंवा हळूहळू पुढे सरकायचा. डोक्यावर काही टनांचे लोखंड, खाली सुरुंग, आणि मध्ये सरपटणारा माणूस. वरच्याने दोराची खूण चुकवली तर चिरडणार, खालच्याचा हात चुकला तर दोघेही जाणार.

आता पुढचे नीट ऐकण्यासारखे आहे. दहा तारखेला रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रातून पुढे गेले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. खरे तर राणे यांचे काम तिथे संपले होते. पण मागून धान्य, दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्या नदीतून जाऊ शकत नव्हत्या. म्हणून अन्न नाही, विश्रांती नाही, अशा स्थितीत ते रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करीत राहिले. अकरा तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरी त्या रात्री दहापर्यंत पुढचे काम चालूच होते. १२ एप्रिलला फौज राजौरीत शिरली.

२१ जून १९५० रोजी राणे यांना परमवीरचक्र जाहीर झाले. त्या युद्धातली परमवीरचक्रे पाच. तिघांना ती मरणोत्तर मिळाली. हयात होते ते लान्स नाईक करम सिंग आणि राणे. या पदकाचा नमुना सावित्रीबाई खानोलकर यांनी काढलेला. बाई जन्माने युरोपातल्या, पण मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून पुरत्या इकडच्या झालेल्या.

पदक मिळालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. राणे यांनी १९५५ मध्ये लग्न केले, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तोवरचे तारुण्य फौजेतच गेले होते. चार मुले झाली. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. युद्धवृत्तात त्यांचे नाव पाच वेळा गौरवाने आले होते. त्यानंतरची सव्वीस वर्षे या घरसंसारी माणसाने काढली. चार मुलांचा बाप आणि पेन्शनीत निघालेला फौजी अशी माणसे महाराष्ट्रात गावोगाव दिसतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांच्या अंगावरच्या जखमा क्वचितच ठाऊक असतात. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात मेजर राणे यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९८४ मध्ये, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले होते. कारवारला समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत एक राणे यांचे. सव्वीसाव्या मैलापाशी ८ एप्रिलला पडलेल्या त्या दोन जवानांचा उल्लेखही सरकारी मानपत्रात आहे. तिथे त्यांची नावे नाहीत. टोळीतले दोन जवान ठार झाले, एवढेच लिहिले आहे.