नातवाची गाडी आणि तिचे सेल



आम्ही वेरूळचे. शाळेतली मुले लेण्यांत न्यायचो, तेव्हा आमच्या हातात दोन सेलांची बॅटरी असे. आपण विजेरीलाच बॅटरी म्हणतो. खरी बॅटरी म्हणजे आतले सेल. सेल संपला की टाकायचा, एवढेच तेव्हा आम्हांला ठाऊक.

मागे आमच्या नातवाने एक गाडी केली. दोन चाके, दोन लहान मोटारी. भिंत समोर आली की गाडी आपली आपण वळते. हाही यंत्रमानवच, हातपाय नसले म्हणून काय झाले! चार साधे सेल घातले, ते लवकरच संपले. पोरगा म्हणाला, "आजोबा, चार्जरला लावू का?" आम्ही म्हटले, "लाव की." इथे हेडमास्तर चुकले. सेल तापला, कडेने पाणी सुटले. त्या पाण्याने कातडी भाजते, डोळ्यांत गेले तर फार वाईट. पोराचा हात लगेच खूप पाण्याने धुतला, म्हणून निभावले.

साधा सेल भरायचा नसतो. मग ओळखायचा कसा? सेलवर अक्षरे इंग्रजी असतात, पण आकडे तर आता आपल्याला वाचता येतात. साध्या सेलवर बहुधा १.५ व्होल्ट लिहिलेले असते. निकेलचा, भरता येणारा सेल १.२ चा. लिथियमचा ३.६ किंवा ३.७ चा. तरी दुकानदाराला विचारून खात्री करा. ज्याचा चार्जर त्यालाच लावा.

चार साध्या सेलांचे ६ व्होल्ट होतात, चार निकेलच्या सेलांचे ४.८. म्हणून गाडी जरा हळू चालते. ती बिघडलेली नसते.

आणखी एक गंमत. विहिरीवरचा पंप सुरू केला की घरातला दिवा मंद होतो ना? तसेच गाडीत होते. मोटार एकदम वीज ओढते आणि गाडीचा मेंदू, म्हणजे ती छोटी पट्टी, क्षणभर उपाशी राहते. गाडी थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नातू दोन दिवस रडकुंडीला आला होता. मग पट्टीला वेगळे सेल दिले, दोन्हींच्या ऋण तारा एकत्र जोडल्या, तेव्हा गाडी सरळ चालली. चाक सतरंजीत अडकले तर मात्र गाडी लगेच बंद करावी. अडकलेली मोटार फार वीज खाते.

लिथियमच्या सेलाची आम्हांला भीती वाटते, ती खोटी नाही. तो जास्त भरला, चेपला किंवा त्याला भोक पडले, तर पेट घेतो. फुगलेला सेल वापरू नका, टोचू नका. गोधडीखाली, कडब्याजवळ चार्जिंग नको. रात्री सगळे झोपल्यावर तर नकोच.

थंडीही सेलाला मानवत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला आपले चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातली प्रज्ञान नावाची गाडी २६ किलोची, सहा चाकांची. ती उन्हावर बॅटरी भरून घेई. तिथली रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची, आणि थंडी भयंकर. २ सप्टेंबरला बॅटरी पूर्ण भरून तिला झोपवले. पुढे तिथे उजाडले, पण ती जागी झाली नाही. तिला काम नेमले होते एका चांद्रदिवसाचे. ते तिने केले होते.

आमच्या नातवाची गाडी इथे टेबलावर आहे. चार्जर ओट्यावर शहाबादी फरशीवर ठेवला आहे. ज्यांना पाहायचे त्यांनी पुढे या, पोरांना आधी येऊ द्या.